हिंगोली वाढतेय आपल्याच रानावर; पण उद्या आपल्याला तिथं जागा राहील का?

हिंगोलीत मेडिकल कॉलेज आलं. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगोची प्रयोगशाळा येतेय. अकोला-नांदेड रस्ता मोठा झाला, शक्तिपीठ महामार्गाची आखणी आपल्या जिल्ह्यातून आहे. यातली प्रत्येक बातमी आली की दुसऱ्या दिवशी आपल्या मोबाईलवर एक फोटो येतो. हिरव्या रानात पांढऱ्या चुन्याच्या रेघा, मधे मुरूमाचा रस्ता, चार कोपऱ्यात झेंडे, आणि खाली लिहिलेलं असतं: ‘मोजकेच प्लॉट शिल्लक’.

शहर वाढतंय ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या फोटोतलं रान कुणाचं होतं, तो प्लॉट कोण घेतंय आणि ज्याचं रान गेलं त्याच्या लेकराला उद्या त्याच शहरात खोली परवडणार का, हे तीन प्रश्न कुणी विचारत नाही. आज तेच विचारू. कारण २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात पावणेबारा लाख माणसं होती आणि त्यातली शंभरातली जवळपास पंच्याऐंशी खेड्यात राहत होती. म्हणजे शहराचा हा प्रश्न शहरातल्या लोकांइतकाच, खरं तर त्याहून जास्त, आपला आहे.

शहर आधीपासून बाहेरच्यांसाठीच वाढत आलं

हिंगोलीतल्या मोहल्ल्यांची नावं बघा. रिसाला बाजार, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा. ही सगळी लष्करी नावं आहेत. निजामाच्या काळात इथं फौजेची छावणी होती. शिपायाला पगार मिळायचा, त्या पगारावर बाजार भरायचा, आणि आजूबाजूच्या गावचा माणूस त्या बाजारात दूध, कडबा, धान्य, सरपण घेऊन यायचा. शहरात पगार बाहेरून येणार आणि माल खेड्यातून जाणार, ही रीत तेव्हापासूनची आहे.

दुसरा टप्पा १ मे १९९९ चा. परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक, कोर्टकचेऱ्या, बँकांची मोठी ऑफिसं सगळी आली. साहेब आले, बाबू आले, त्यांना राहायला घरं लागली. पूर्णा-अकोला रेल्वे मीटरगेजची ब्रॉडगेज झाली. शहराच्या चारी बाजूनं नगरं उभी राहिली.

तिसरा टप्पा आता चालू आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं ऑनलाईन उद्घाटन केलं, त्यात हिंगोली होतं. दरवर्षी शंभर विद्यार्थी, त्यांचे प्राध्यापक, डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी येणार. लायगोसाठी केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ज्या औंढ्यात आतापर्यंत नागनाथाच्या दर्शनाला येणारे भाविक हीच बाहेरची गर्दी होती, तिथं आता इंजिनिअर, शास्त्रज्ञ, ठेकेदार यांची ये-जा होणार.

पहिल्या दोन टप्प्यांत आणि या टप्प्यात एक फरक आहे. तेव्हा जमीन स्वस्त होती, जागा मोकळी होती. साहेबाला बंगला मिळाला तरी हमालाला, भाजीवालीला, गावाकडून आलेल्या पोराला कुठंतरी कोपरा मिळायचा. आता तो कोपराही रेटमध्ये धरला जातो.

रेट वाढवणारा पैसा येतो कुठून?

शहरात मजुरी तेवढीच, दुकानावरच्या पोराचा पगार तेवढाच, मोंढ्यातल्या हमालाची हमाली थोडीफार वाढलेली. मग प्लॉटचे रेट कशाच्या जोरावर चढतात? इथं कमावलेल्या पैशावर नाही, तर बाहेरून आलेल्या पैशावर. तो चार वाटांनी येतो.

पहिली वाट पगाराची. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक यांची नेमणूक गावात असते, पण बहुतेक जण राहतात तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला. मुख्यालयी राहायचं की नाही आणि घरभाडे भत्ता कुणाला द्यायचा, यावर २०२२ मध्ये विधानसभेतही वाद गाजला. मी कर्मचाऱ्यांना दोष देत नाही. त्यांच्याही लेकरांना शाळा पाहिजे, दवाखाना पाहिजे. पण परिणाम बघा. गावाच्या नावावर निघालेला घरभाडे भत्ता शहरातल्या घरमालकाला जातो. गावातलं घर रिकामं आणि शहरातली खोली महाग, दोन्ही एकाच वेळी.

दुसरी वाट मावेजाची. रस्ता, तलाव, कालवा, प्रकल्प यात जमीन गेली की २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मिळणारी रक्कम जुन्या काळापेक्षा बरीच मोठी असते. जमिनीला जमीन घ्यायला गेलं तर पाहिजे तिथं मिळत नाही, मग निम्मा पैसा शहरातल्या प्लॉटमध्ये जातो.

तिसरी वाट पुण्या-मुंबईची. आपलीच पोरं चाकण, रांजणगाव, हिंजवडीला कमावतात. तिथं फ्लॅट घेणं आवाक्याबाहेर, म्हणून हिंगोलीत किंवा वसमतला प्लॉट घेऊन ठेवतात. घर बांधत नाहीत, तिथं राहतही नाहीत. प्लॉट नुसता पडून असतो आणि रेट वाढायची वाट बघतो.

चौथी वाट हळदीची. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात हळदीला ज्या वर्षी चांगला भाव लागतो, त्या वर्षी सोनं आणि प्लॉट दोन्हीची खरेदी वाढते. म्हणजे यात आपण शेतकरीही आहोत. दोष एकट्या बिल्डरचा नाही.

या चारही वाटांत एक गोष्ट समान आहे. ज्याच्याकडं यातला कुठलाच पैसा नाही, तो शेतमजूर, कोरडवाहू शेतकरी, हातगाडीवाला, धुणीभांडी करणारी बाई, या लोकांना त्याच रेटनं जागा घ्यावी लागते किंवा त्याच रेटनं भाडं भरावं लागतं.

त्यावर सरकारी भावही चढतो. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात रेडीरेकनरचे दर वाढले. ग्रामीण भागात सरासरी ३.३६ टक्के, तर नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या हद्दीत ४.९७ टक्के. टक्के छोटे दिसतात, पण खरेदीखताची मुद्रांक फी त्यावर धरली जाते आणि पुढच्या सौद्यात बोलणी तिथूनच चालू होते.

ही गोष्ट फक्त आपली नाही

१९६४ साली लंडनमध्ये रूथ ग्लास नावाच्या एका अभ्यासक बाईंनी असंच काही पाहिलं होतं. मजुरांच्या वस्त्यांमध्ये पैसेवाले लोक घरं घेऊ लागले, घरं दुरुस्त झाली, मोहल्ला चकाचक झाला, आणि बघता बघता जुने मजूर तिथून दिसेनासे झाले. कुणी त्यांना काठी घेऊन हाकललं नव्हतं. भाड्यानं हाकललं होतं. याला त्यांनी ‘जेंट्रिफिकेशन’ असं नाव दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर पैसेवाल्यानं येऊन जागा सुधारायची आणि त्या सुधारणेनंच गरिबाला उठवायचं.

आपल्या मराठी माणसानं हे मुंबईत भोगलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरण्या हळूहळू बंद पडल्या. त्या जमिनींसाठी १९९१ मध्ये नियम झाला: एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक वाटा घरांसाठी म्हाडाला, एक वाटा मालकाला. २००१ मध्ये त्याच नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची करायची ठरली. गिरणीच्या शेडखालची जमीन वाटणीतून सुटली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये तो बदल कायम राहिला. एका शब्दानं किती एकरांचं नशीब फिरलं बघा. आज लोअर परळला फिनिक्स मिल होती तिथं मॉल आहे, आणि कामगाराचं कुटुंब डोंबिवली, विरार किंवा परत गावाला आहे.

जवळचं उदाहरण छत्रपती संभाजीनगरचं. तिथल्या लेबर कॉलनीत सरकारी क्वार्टर होते. निवृत्त कर्मचारी, त्यांची मुलं-नातवंडं वर्षानुवर्षं राहत होती. कोर्टकचेरी झाली, त्यात ते हरले, आणि मे २०२२ मध्ये शेकडो घरांवर बुलडोझर चालला. कायद्यानं जागा सरकारची होती हे खरं. पण ज्या दिवशी ते क्वार्टर बांधले त्या दिवशी ती जागा कुणाला नको होती, आणि पाडले तेव्हा ती शहराच्या मध्यावर होती, हेही तितकंच खरं.

हिंगोलीत असे टॉवर नाहीत, मॉल नाहीत. म्हणून आपल्याकडं हे नाही असं समजू नका. लहान शहरात ही गोष्ट हळू चालते आणि तीन ठिकाणी दिसते: शहराच्या कडेच्या रानात, विद्यार्थ्याच्या खोलीत आणि बाजारातल्या बसायच्या जागेत.

एका एकराचा हिशेब

आधी रानाचं बघू. पुढचे भाव नुसते समजण्यासाठी धरले आहेत, तुमच्या शिवाराचे भाव टाकून तुम्ही स्वतः गणित करा.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. धरून चला, शहरालगतचं रान ४० लाख रुपये एकरानं गेलं. म्हणजे शेतकऱ्याला एका चौरस फुटाचे साधारण ९२ रुपये मिळाले. घेणाऱ्यानं लेआउट पाडला. रस्ते आणि मोकळी जागा सोडून साठ टक्के जमीन विकायला उरली असं धरा, म्हणजे २६,००० चौरस फूट. ती ६०० रुपये फुटानं विकली तर झाले १ कोटी ५६ लाख. एनए, मोजणी, रस्ते, नाल्या, विजेचे खांब, दलाली यावर ३० लाख खर्च धरा. शेतकऱ्याचे ४० लाख आणि हा खर्च वजा जाता ८६ लाख उरले.

ज्यानं पिढ्यानपिढ्या ती जमीन राखली त्याला ४० लाख, आणि ज्यानं दोन-तीन वर्षं सांभाळली त्याला ८६ लाख. लेआउट करणाऱ्यानं जोखीम घेतली, भांडवल लावलं, हे मान्य. तरी फरक डोळ्यात भरण्यासारखा आहे.

आता पुढचं बघा. शेतकऱ्याच्या ४० लाखांत भावाचा हिस्सा, बहिणीचा हिस्सा, कर्ज, लग्न, गाडी. पाच वर्षांनी नातवाला त्याच रानात ३० बाय ५० चा, म्हणजे १,५०० चौरस फुटांचा प्लॉट पाहिजे झाला तर ९ लाख लागतील. तेवढ्याच मातीचे आजोबाला मिळाले होते १ लाख ३८ हजार.

आणि ज्याला ९ लाख जमत नाहीत तो कुठं जातो? तो बॉण्डवरच्या प्लॉटकडं जातो. एनए नाही, मंजूर लेआउट नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, शंभर-पाचशेच्या बॉण्डवर नोटरी. अशा वस्त्यांसाठी गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची सोय झाली. तुकडेबंदीत ऑगस्ट २०२३ मध्ये जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं प्रमाण ठरलं. २०२५ मध्ये सरकारनं शहरी भागातले जुने छोटे तुकडे नियमित करायचा निर्णय घेतला. या सवलती चांगल्याच आहेत. पण त्यांचा दुसरा अर्थही समजून घ्या. गरीब माणूस आधी बेकायदेशीर जागेत ढकलला जातो, वीस-वीस वर्षं चिखलात राहतो, आणि मग त्याला नियमित करतात. पैसेवाला पहिल्या दिवसापासून मंजूर लेआउटमध्ये असतो.

एका खोलीचा हिशेब

गावात दहावी, फार तर बारावीपर्यंतची सोय. पुढं पोरगं हिंगोलीला, नांदेडला, लातूरला. लातूर पॅटर्ननं तर शहरातले मोहल्लेच्या मोहल्ले खोल्यांचे आणि मेसचे झाले. नांदेडातही तेच. तिथल्या जुन्या भाडेकरूचं काय होतं? कुटुंबाला दिलेली दोन खोल्यांची जागा त्याच मालकानं चार कॉट टाकून पोरांना दिली तर भाडं जास्त येतं. कुटुंब मग दूरच्या वस्तीत जातं. मेडिकल कॉलेज मोठं होईल तसं हिंगोलीतही हे होणार, त्याची तयारी आजच दिसते.

आपल्या खिशातून बघा. खोलीचं भाडं महिन्याला ३,००० रुपये धरलं तर वर्षाचे ३६,००० झाले. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे हमीभावानं विकलं तरी नुसत्या भाड्याला पावणेसात क्विंटल सोयाबीन लागलं. कोरडवाहू एकरात किती होतं ते तुम्हाला माहीत आहे. आणि हमीभाव बाजारात किती जणांना मिळतो तेही माहीत आहे. मेस, फी, पुस्तकं, एसटीचं भाडं अजून यात धरलंच नाही. एक पोरगं शिकवायचं म्हणजे एक एकर खोलीला आणि दुसरा एकर पोटाला.

यात पहिला घाव मुलींवर बसतो. पैसा एकालाच पुरणार असेल तर पोराला पाठवतात आणि पोरीला म्हणतात, जवळच काय ते शिक. दुसरा घाव जातीवर. खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात, मग खोली ‘कालच गेली’ असते. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. जागा कमी आणि मागणारे जास्त झाले की मालकाला निवडायला मिळतं, आणि तो निवडतो कसा हे सांगायची गरज नाही.

सरकारी योजना आहेत. वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ मध्ये सुरू झाली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पण स्वाधारमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणासाठी ठरलेल्या ४३,००० रुपयांतले राहण्यासाठी धरलेले पैसे होते वर्षाला १२,०००. महिन्याला एक हजार. आज त्यात खोली नाही, खोलीतला कोपरा मिळतो. तरीही ज्यांना लागू आहे त्यांनी अर्ज सोडू नका.

बाजारात बसायची जागा

तिसरं ठिकाण बाजार. मेथीच्या जुड्या, गावरान अंडी, हिरव्या मिरच्या घेऊन येणारी बाई शहराला स्वस्तात खाऊ घालते. रस्ता रुंद झाला, कॉम्प्लेक्स झालं की पहिलं अतिक्रमण तिचं ठरतं. पार्किंगला जागा असते, पण पाटीला नसते.

याच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, आणि तो गावाकडून येऊन विकणाऱ्यालाही लागू आहे. शहरात पथविक्रेता समिती पाहिजे, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले पाहिजेत आणि त्यात एक तृतीयांश महिला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हायला पाहिजे, विक्रेत्याला प्रमाणपत्र मिळायला पाहिजे. जागेवरून हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. आपल्या बाजारात बसणाऱ्या किती जणींकडं ते प्रमाणपत्र आहे, हे एकदा विचारून बघा.

हद्द वाढली की काय होतं?

शहर वाढताना शेजारचं गाव गिळतं. सेनगाव आणि औंढा ग्रामपंचायतीच्या नगरपंचायती झाल्या ते आपण पाहिलं. शहराच्या हद्दीत गेलं की नळ, दिवे, डांबरी रस्ता येईल ही आशा असते आणि काही प्रमाणात ते होतंही. पण त्याबरोबर रोजगार हमीची ग्रामीण कामं जातात, घरकुलाची ग्रामीण यादी जाते, ग्रामसभा जाते. घरपट्टी शहराच्या दरानं येते. ज्याचे प्लॉट पडले त्याला हे चालतं. ज्याच्याकडं फक्त घर आहे आणि मजुरी आहे, त्याचा फायदा कमी आणि खर्च जास्त.

दुसरी बाजूही आहे

काही वाचक म्हणतील, मग काय शहर वाढूच नये का? मेडिकल कॉलेज नको का? असं कुणी म्हणत नाही. रात्री-बेरात्री पेशंट घेऊन नांदेडला पळणं काय असतं ते खेड्यातल्या माणसाला विचारा. चांगली हॉस्पिटलं आली, रेल्वे वाढल्या, चार कामं मिळाली तर ते आपल्याच फायद्याचं. कडेच्या गावांतल्या कित्येक शेतकऱ्यांचं कर्ज जमीन विकूनच फिटलं, हेही खरं. गवंडी, सुतार, वायरमन, वाळू-मुरूमवाले, चहावाले यांना बांधकामानं काम दिलं.

म्हणून भांडण वाढीशी नाही. भांडण एवढंच की शहराची किंमत वाढते ती रस्ता, कॉलेज, हॉस्पिटल, पाणी या सरकारी पैशानं. तो पैसा सगळ्यांचा, कोरडवाहू शेतकऱ्याचाही. पण वाढलेल्या किमतीचा नफा मात्र त्या दिवशी ज्याच्या नावावर सातबारा असेल त्यालाच. आणि बातमी फुटायच्या आधी सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागतं, हे आपण सगळे बघतोच.

मग करायचं काय?

एक. जमीन विकायचीच वेळ आली तर सगळी विकू नका आणि एकट्यानं विकू नका. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांच्या वर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. २००० च्या सुमारास काम सुरू झालं आणि तिथं आज अख्खं शहर आहे. हिंगोली म्हणजे पुणे नाही, तेवढी मागणी इथं नाही. पण एका बांधाचे चार भाऊबंद मिळून आठ-दहा एकरांचा स्वतःचा मंजूर लेआउट पाडू शकतात. तेही जमत नसेल तर सौद्यातच दोन-चार प्लॉट आपल्या आणि बहिणींच्या नावावर राहतील असं ठरवा. इसारपावतीत लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.

दोन. प्लॉट घेताना बॉण्डवर घेऊ नका. एनए आदेश, मंजूर नकाशा, सातबारा बघा. लेआउटमधली मोकळी जागा कागदावर कुठं आहे आणि जमिनीवर कुठं आहे ते पायानं चालून बघा. नियमाप्रमाणे एक एकराच्या आसपास आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तीच जागा पुढं कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये जाते. गिरणगावची एका शब्दाची गोष्ट वर सांगितली ती याच्यासाठीच.

तीन. खोली भाड्यानं घेताना लेखी करार मागा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. भाड्याची पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. भाडेकरूला उठवण्यासाठी पाणी किंवा लाईट तोडता येत नाही.

चार. नव्या नगरसेवकांना जाब विचारा. जवळपास चार वर्षं प्रशासकांच्या हातात कारभार होता. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, आता विचारायला माणसं आहेत. विचारायचे प्रश्न साधे आहेत. पथविक्रेता समिती आहे का? शेतकऱ्यांना थेट भाजी विकायला पक्की जागा कुठं? मुलींच्या वसतिगृहासाठी किती जागा राखली? विकास आराखडा कधी येणार आणि हरकती कधी घेणार? आराखडा जाहीर झाला की हरकतीची मुदत ठरलेली असते, ती गेली की मग नुसती चर्चा उरते. कडेच्या गावांतल्या सरपंचांनी आणि तरुणांनी यावर नजर ठेवली पाहिजे.

पाच. तालुक्याला आणि मोठ्या गावांना सोय मागा. बारावीनंतरचं शिक्षण, चांगली अभ्यासिका, शाळा-कॉलेजच्या वेळेला धरून एसटी. सकाळी एक आणि संध्याकाळी एक एसटी वेळेवर आली तर किती पोरींची खोली वाचते, याचा हिशेब आपल्या गावापुरता मांडून बघा. शहरावरचा भार कमी करायचा सगळ्यात स्वस्त रस्ता गावातून जातो.

शेवटी एवढंच. शक्तिपीठासाठी मोजणीला माणसं आली तेव्हा ठिकठिकाणचे शेतकरी एकत्र आले, बोलले, अडवलं. कारण तिथं समोर मोजणीवाला दिसत होता. शहर वाढतं तेव्हा समोर कुणी दिसत नाही. एक-एक गट जातो, एक-एक खोली महाग होते, एक-एक पाटी उठते. म्हणून कुणी एकत्र येत नाही. तुमच्या गावात रानाचा सौदा चालू असेल तर सही करण्याआधी वरचा एकराचा हिशेब घरात सगळ्यांसमोर मांडा. बायकांना आणि बहिणींनाही बसवा. सही झाल्यावर हिशेब करून उपयोग नाही.